गडव्यातलं पाणी

“पोरगी कोनाची व्हय, इचारलं का कोनी?”

“आदिलाबादची म्हन्ते.”

“गाव नाही इचारून राह्यलो मी. कोनाची, थे इचारून राह्यलो.”

“थे नाही सांगत.”

“नाही सांगत म्हंजे समजून घे ना मंग.”

दोघं हसले. शाळेच्या मागच्या ओट्यावर ते विड्या ओढत होते. मी तट्ट्याच्या अलीकडे, नाटकाच्या सामानाच्या पेटीपाशी बसून दोन पितळी गडवे चिंचेने घासत होते. मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर घासण्याचा आवाज बंद झाला असता, आणि मी ऐकते आहे हे त्यांना कळलं असतं. विचारणारा आवाज मी ओळखला होता. तो आबांचा होता, आणि त्या गावात मला कोणी आवडत असेल तर ते आबाच होते.

ही नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. वडील आदिलाबादला तहसील कचेरीत कारकून. त्यांनी मला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तेलुगू दुसरी भाषा, हिंदी तिसरी. मराठी फक्त घरी, आईपाशी. ती लिहायला मी हिंदीच्या अक्षरांवरून आपली आपण शिकले. आमच्या घरी पौर्णिमेला वंदना व्हायची, पण आवाज बेताचा ठेवून, कारण घर भाड्याचं होतं. पहिल्यांदा शाळेत पाठवताना वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. कोणी विचारलं तर आदिलाबाद सांगायचं, आणि पुढचं विचारलं तर हसायचं. ते मी इतकं नीट शिकले की बाविसाव्या वर्षीही मला दुसरं काही सांगता येत नव्हतं.

शाळेतल्याच एका सिस्टरने मला सरांकडे पाठवलं. त्यांना इंग्रजी टाइप करू शकणारी आणि मराठी समजणारी मुलगी हवी होती. सर साठीच्या जवळ आलेले, नगरकडच्या मिशन कंपाउंडात वाढलेले. धर्मशास्त्र शिकून त्यांनी बरीच वर्षं पाद्री होऊ घातलेल्या मुलांना शिकवलं होतं. मग ते राहत होते त्या शहरात दंगल झाली. दंगलीनंतरच्या रविवारी त्यांनी शांतीवर प्रवचन केलं. लोक रडले. आणि बाहेर पडल्यावर तेच लोक एक गल्ली टाळून, वळसा घालून घरी गेले.

“माझं बोलणं त्यांच्या कानापर्यंत पोचलं, पायांपर्यंत नाही,” असं सर म्हणायचे.

तेव्हापासून ते पायांच्या मागे लागले. कोण कुठून चालतो, कोण कोणाच्या हातून काय घेतो, लग्नात कोण आधी बसतो, मयताला कोण खांदा देतो. त्याच्या त्यांनी वह्या भरल्या होत्या. पण नुसतं लिहून त्यांचं समाधान होत नसे. भांडण झालेल्या गावात जाऊन राहायचं, दोन्ही बाजूंची माणसं घेऊन नाटक बसवायचं, आणि त्या माणसांना एरवी जे करता येत नाही ते नाटकात करायला लावायचं, हे त्यांनी आपलं काम ठरवलं होतं. अंग एकदा जे करतं ते अंग विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. देवाविषयी ते फार बोलत नसत. जेवायला बसले की भाकरी मोडायची आणि अर्धी शेजारच्याच्या ताटात ठेवायची, एवढीच त्यांची प्रार्थना. चर्चने त्यांना केव्हाच हळूच मोकळं केलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. एक ट्रंक, एक टाइपरायटर आणि नाटकाच्या सामानाची पेटी, एवढा संसार.

गावात सगळे त्यांना फादर म्हणायचे.

“मी फादर नाही हो,” सर सांगायचे.

“बरं फादर.”

सरांनी मला आडनाव विचारलं नाही. महिनोन् महिने नाही. सुरुवातीला मला ते फार मोठं वाटलं. पुढे वाटायला लागलं, की ते कळून त्यांना काही फरक पडला नसता हे खरं, पण मला पडतो हे त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

गाव भैंशापासून बसने तासाभरावर, काळ्या मातीतलं. कापूस आणि ज्वारी. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत शेतकऱ्यांची घरं, आणि हातपंपाच्या पलीकडे बौद्धवाडा. तीन वर्षांपूर्वी पोळ्याला तिथे दगडफेक झाली होती. पोळ्याला तिथे पोया म्हणतात. वेशीत तोरण बांधतात, गावचे बैल मानाप्रमाणे ओळीने त्याखालून जातात, मग तोरण तोडतात. बौद्धवाड्यात पूर्वी बैल नव्हतेच, आणि नंतर ज्यांच्याकडे आले त्यांनी ते तोरण तुटल्यावर न्यायचे असा शिरस्ता पडला होता. तिथले गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, त्यांनी एक जोडी घेतली आणि पोळ्याच्या दिवशी ती सरळ ओळीत उभी केली. दगड कोणी आधी उचलला यावर दोन्हीकडे दोन गोष्टी सांगत. गुरुजींच्या एका बैलाचं शिंग मुळापासून मोडलं, यावर मात्र दुमत नव्हतं, कारण तो बैल रोज हातपंपावर पाणी प्यायला यायचा. त्यानंतर बौद्धवाड्यातल्या बायांना कापूस वेचायला बोलावणं बंद झालं. पिठाची गिरणी त्यांच्यासाठी बंद झाली. दळणाची टोपली डोक्यावर घेऊन त्या दोन कोस चालत जायच्या.

सरांच्या वहीत त्या गावच्या एका रीतीला बरीच पानं दिलेली होती. तिला पाणी घेणं म्हणतात. बांधावरून वा वाटणीवरून दोन घरांचं वितुष्ट आलं आणि मिटवायचं ठरलं, की एकाने आपल्या घरून गडवा भरून आणायचा आणि दुसऱ्याने पारापुढे सगळ्यांदेखत त्याला ओठ लावून प्यायचं. मग उलटं. वरून धार धरलेली चालत नाही, ओठ लागले पाहिजेत. त्यानंतर कोणी जुना विषय काढला तर कोणीतरी एवढंच म्हणतं, “पानी घेतलं ना?” आणि तो गप्प होतो. ही रीत शेतकऱ्यांच्या घराघरांतली. बौद्धवाड्याशी असं पाणी कधीच झालेलं नव्हतं.

सरांनी नाटक लिहिलं ते दोन भावांचं. बांधावरून भांडलेले भाऊ म्हातारपणी पाणी घेतात. थोरला भाऊ शेतकऱ्यांकडचे आबा, धाकटा बौद्धवाड्यातले गुरुजी. मला वाटलं होतं कोणी तयार होणार नाही. पण आबा पटकन हो म्हणाले. “नाटकच हाय ना. नाटकात काय बी चालते. मी तरुनपनी दंडारीत बाईचं सोंग घेत होतो, तवा तीन जनानं मागनी घातली मले.”

आबा फार चांगले नट होते. तरुणपणी गावोगावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, नाचलेले. उभं राहून नुसता खांद्यावरचा शेला सावरला तरी थोरला भाऊ दिसायचा. मी वाक्यं आठवून द्यायला बसायचे आणि माझा आवाज कोणालाच ऐकू जायचा नाही.

“मॅडमबाई,” ते म्हणायचे, “तुमचा आवाज घशातच झोपून जाते. उठवा त्याले.”

सगळे हसायचे, मीही. माझ्याकडे पाणी भरलेला मातीचा माठ होता, त्यातलं पाणी आबा तालमीत दोनतीनदा मागून प्यायचे. दुपारी स्वतःच्या ज्वारीची भाकरी फडक्यात बांधून माझ्यासाठी आणायचे. मला राहायला नर्सबाईंच्या क्वार्टरची पुढची खोली मिळाली होती. नर्सबाई आठवड्यातून दोन दिवस यायच्या. बाकीचे दिवस मी संध्याकाळी कंदील लावून एकटी जेवायचे आणि दिवसभरात मला कोण काय म्हणालं ते आठवायचे. आठवायला सहसा आबांचंच काहीतरी असायचं.

बौद्धवाड्यात मी वह्या घेऊन जायचे तेव्हा बाया बसायला बाज टाकायच्या, पदराने पुसून. गुरुजींच्या बायकोने एकदा चहा देताना अगदी हलक्या आवाजात विचारलं होतं, “तुमी आपल्यातल्याच का, बाई?”

“मी आदिलाबादची,” मी म्हणाले. आणि हसले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कप परत घ्यायला मात्र त्यांनी थोडा वेळ हात पुढे केला नाही.

तट्ट्याआडून ते बोलणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा तालमीला आले ते स्वतःचा तांब्या घेऊन. “सूनबाई म्हन्ते, मोहाच्या सावलीतलं पानी घ्या, पित्त होत नाही,” असं काहीतरी ते मोठ्याने म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. माझा माठ तसाच भरलेला राहिला. भाकरी मात्र ते आणत राहिले, आणि मी खात राहिले.

नाटक चैत्रात झालं, कापूस-ज्वारी घरात आल्यावर, दुपार कलताना पारापुढे. तालमीत आम्ही गडवे रिकामेच वापरायचो. प्रयोगाला मात्र खरं पाणी हवं असं सरांनी बजावलं होतं. आबांच्या घरचा गडवा आबांच्या घरून भरून आला. गुरुजींच्या घरचा माझ्या पेटीत होता. तो मी त्यांच्या घरी जाऊन भरून आणायचा, असं ठरलं होतं.

मी तो घेऊन निघाले तर आबा आडवे आले. तोंडाला पावडर लावलेली, मिशा काळ्या केलेल्या.

“बाई, तो कोरडाच राहू द्या.”

“सर म्हणाले...”

“फादरले काय कयते? माहा घसा बसला. थंड पानी चालत नाही.” मग आवाज खाली आणून, अगदी मायेने, “पाहा, तुमी बी काई सांगत नाही, आमी बी काई इचारत नाही. बरं चाललं ना आपलं?”

मी मान हलवली. हे मी बरेचदा आठवून पाहिलं आहे. घाबरून हलवली की त्यांना वाईट वाटू नये म्हणून, ते अजून मला सांगता येत नाही. गडवा मी कोरडा ठेवला, वरून फडकं झाकलं, आणि भरलेला धरतात तसा दोन्ही हातांनी धरून पारापर्यंत नेला.

आधी गुरुजी प्याले. आबांच्या घरच्या गडव्याला ओठ लावून त्यांनी सगळं पाणी संपवलं. पाणी हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलं, सदरा भिजला. मग मी दुसरा गडवा आबांच्या हातात दिला. आबांनी तो कपाळाला लावला, मग ओठाला, आणि मान मागे टाकली. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. सगळं गाव पाहत होतं. गडवा खाली करून त्यांनी मिशा पुसल्या. मिशा कोरड्या होत्या. काळा रंग जसाच्या तसा होता.

शिट्ट्या झाल्या. बौद्धवाड्यातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. एका म्हातारीने लांबूनच आबांवरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. सर पाराच्या कडेला बसले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

पंधरा दिवसांत गिरणी बौद्धवाड्याला उघडी झाली. हे खरं आहे, आणि हे मी विसरू नये म्हणून लिहिते आहे. बायांचं दोन कोस चालणं वाचलं. मी स्वतःला सांगितलं की पाणी नव्हतं तरी दळण खरं आहे. गुरुजींनी त्यांचा गडवा माझ्याकडून मागून नेला. तो त्यांनी वापरातून काढला, घासून फळीवर ठेवला. आलागेल्याला दाखवायचे, “आबानं याच्यातून पानी घेतलं.”

आम्ही आदिलाबादला परतलो. सरांच्या भाड्याच्या खोलीत मी त्यांचा लेख टाइप करायला लागले. तो ते बाहेरदेशी, शांतीसाठी काम करणाऱ्या लोकांच्या एका मेळाव्यात वाचणार होते. सगळा लेख त्या पाण्यावर उभा होता. नाटक संपलं तरी घोट पोटात राहतो, असं त्यात होतं. थोरल्या भावाच्या गळ्याची गाठ दोनदा हलली, हेही होतं. सरांची नजर बारीक होती. गाठ त्यांना दिसली होती. त्या वाक्यावर माझी बोटं थांबली.

“काय झालं, बाळा?”

“रिबन अडकली.”

सरांनी येऊन रिबन पाहिली. ती ठीक होती. ते चहा करायला गेले. चहाबरोबर त्यांनी बिस्किट मोडून अर्धं माझ्या बशीत ठेवलं. ते मी खाल्लं नाही. त्या पावसाळ्यात घराबाहेर माझ्याशी रोज बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि मी त्यांच्यासमोर बसून रोज त्यांना फसवत होते. घरी वडील विचारायचे, कसं चाललं आहे. मी म्हणायचे, चाललं आहे. ते हसायचे. आम्ही दोघं सारखेच हसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मेळाव्याला जायच्या आधी पोळा पाहायचा असं सरांनी ठरवलं. सकाळच्या बसने आम्ही गेलो. ऊन पडलं होतं, रस्ता चिखलाचा. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं आणि बैलांची ओळ उभी राहत होती. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. गुरुजी आले. त्यांनी एका बैलाची दोन्ही शिंगं रंगवली होती आणि दुसऱ्याचं एक. जिथे शिंग नव्हतं तिथे झेंडूची माळ गुंडाळली होती. मागे त्यांची बायको, बैलांच्या पायांवर घालायला पाणी घेऊन. तोच गडवा. आज तो फळीवरून काढला होता.

गुरुजींनी जोडी ओळीच्या शेवटी उभी केली. मान मागितला नव्हता, फक्त तोरणाखालून जायचं होतं.

“गुरुजी,” आबांचा पुतण्या पुढे आला, “तोरन तुटल्यावर. ठाऊक हाय ना तुमाले?”

“पानी घेतलं ना आपन?” गुरुजी शांतपणे म्हणाले.

पुतण्या हसला. “थे नाटक होतं, गुरुजी. नाटकात आबानं बाईचं सोंग बी घेतलं, म्हनून काय आमी त्याईले काकू म्हनावं?”

ओळीतले चारदोन जण हसले. सर पुढे झाले. “नाटक होतं. पण पाणी खरं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आबा, सांगा यांना.”

आबा आपल्या बैलाच्या वेसणीची गाठ सारखी करत होते. ती आधीच सारखी होती.

“सांगा ना आबा,” पुतण्या म्हणाला. त्याला माहीत होतं. हसण्यावरून कळत होतं. पलीकडे कोणीतरी वाकून उभं राहिलं. वाकलेल्याच्या हातात काय आलं ते मला गर्दीतून दिसलं नाही. गुरुजींनी हात मोडक्या शिंगाच्या जागी, झेंडूवर ठेवला होता.

आबांनी मान वर केली आणि गुरुजींकडे नाही, सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तीच माया होती. “त्या पोरीले इचारा. गडवा तिच्यापाशी होता.”

त्यांना खात्री होती. मी त्यांच्या जागी असते तर मलाही असती.

सगळे वळले. सरही वळले, चेहऱ्यावर सुटकेचं हसू घेऊन. भरलेला होता असं म्हटलं असतं तर जोडी तोरणाखालून गेली असती, माझ्या खोट्यावर, आणि आबांनी जन्मभर माझी जाण ठेवली असती. रिकामा होता म्हटलं तर गुरुजींचा फळीवरचा गडवा, सरांचा लेख, उघडलेली गिरणी, सगळं पुतण्याच्या त्या हसण्यात जात होतं. आणि मी नुसती हसले असते तर कोणालाच नवल वाटलं नसतं.

मी चिखलातून गुरुजींच्या बायकोपाशी गेले. त्यांनी न विचारता हातातला गडवा माझ्या हातात दिला. तो जड होता. चालताना थोडं पाणी माझ्या मनगटावर सांडलं, थंड. आबांच्या समोर जाऊन मी उभी राहिले. आबांचे हात वेसणीवरच होते. मी तोंड उघडलं तेव्हा पुस्तकातली मराठी आली नाही, आईची आली. आणि आवाज शेवटच्या बैलापर्यंत गेला असावा, कारण ओळीतली घुंगरं वाजायची थांबली होती.

“आबा, त्या दिवशी गडवा कोरडा होता. तुमी म्हनलं म्हनून मी भरला नाही. कोनाची पोरगी व्हय, इचारत होते ना तुमी? बौद्धाची व्हय मी. गुरुजीच्या घरासारक्याच घरातली. आता भरलेला हाय. घ्या.”